थंडीतला पंखा

६ जानेवारी

धाकटे,

हे पत्र फाडायचंच असेल तर वाचून फाड. फोन करून पाहिला. माझा नंबर तुझ्याकडे लागत नाही, आणि ह्यांच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून तू ‘राँग नंबर’ म्हणालीस. चार वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलेल्या जावेला राँग नंबर म्हणायला छाती लागते. कागदाला बंद करायचं बटण नसतं, म्हणून लिहितेय.

काम छोटं आहे. ह्यांनी दुकान बंद करायचं ठरवलंय. मामंजींनी जन्मभर जमवलेले जुन्या शिलाई मशिनींचे सुटे भाग, अकराशे चाळीस खण भरून, एकतीस मार्चला भंगारवाल्याच्या काट्यावर चढणार. आताशा दिवसाकाठी एखादं माणूस दुकानाची पायरी चढतं, तेही पत्ता विचारायला. भंगारवाल्याला मालाची यादी हवी आहे. आपल्याकडे कुठली यादी? मामंजींनी खणांवर कधी नावं लिहिली नाहीत. जो भाग आत, त्यातलाच एक बाहेर तारेने बांधलेला. गिऱ्हाइकाने तुटलेला तुकडा काउंटरवर ठेवायचा, मी तो उलटासुलटा करून बघायचा आणि खण ओढायचा. सत्तावीस वर्षांत एकदाही चुकीचा खण ओढला नाही, हे तुलाही नाकारता येणार नाही.

तू केलेल्या त्या वेबसाइटवर पहिल्या दोनशे खणांचे फोटो आहेत. ते मिळाले तर माझी मेहनत वाचेल. तुम्ही वेगळे राहायला गेलात तेव्हा तू पासवर्ड बदलून गेलीस, तेवढा कळव. ती वेबसाइट चालली नाही याबद्दल माझ्या मनात काही नाही. तू बाळंतपणाला माहेरी होतीस, मी पाच महिने त्या कॉम्प्युटरशेजारी बसून होते. कोणी चौकशी केली की घंटा वाजेल म्हणाली होतीस, नाही वाजली. त्याला तू तरी काय करणार? मामंजी चारचौघांत तुझ्या वेबसाइटला ‘खेळणं’ म्हणाले ते जरा जास्त झालं, पण ते आता नाहीत. झालं गेलं.

छोकरीचे दात पडायला लागले का?

थोरली

२३ जानेवारी

धाकटे,

पाकीट मिळालं. आत चतकोर कागद आणि त्यावर एकच ओळ. ‘थंडीतलापंखा, इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून.’ वर ‘ताई’ नाही, खाली सही नाही. असो. पासवर्ड जरा विचित्रच आहे. लोक मुलांची नावं ठेवतात, जन्मतारखा ठेवतात. मी त्याचा फार विचार केलेला नाही.

आता सांगते ते नीट वाच. मला वाटलं होतं, आत कोळिष्टकं असतील. चौकशीची पेटी उघडली तर तीनशे बारा निरोप. एकही उघडलेला नाही. मी चष्मा पुसला आणि परत बघितलं, तरी तीनशे बाराच.

चार दिवस मी तेच वाचत बसले आहे. वरणाला फोडणी द्यायची विसरले, तर हे म्हणाले, पथ्य सुरू केलंस का. कोणी शाळेची दप्तरं शिवतो, त्याचं मशीन एका दातेरी पट्टीवाचून अडलंय. कोणाला आईचं मशीन चालू करायचंय, तिच्या साठाव्या वाढदिवसाआधी. (तो वाढदिवस तीन वर्षांपूर्वी होऊन गेला.) सोफ्याची कव्हरं शिवणारा आहे, तंबू शिवणारी बाई आहे. जगात कुठे कुठे आपल्या खणांतल्या भागांची मशिनं जिवंत आहेत, आणि आम्ही इथे गिऱ्हाईक संपलं म्हणून गळा काढतोय. एका शिवणशाळेच्या बाईंनी तर सहा वेळा लिहिलंय. पहिल्यांदा पानभर, मग अर्धं पान, आणि सहाव्या वेळी फक्त, ‘तिथे कोणी आहे का?’

घंटा वाजवणाऱ्या त्या स्पीकरचंच काहीतरी बिघडलं असणार. शेवटी यंत्र ते.

आणखी एक. वेबसाइटचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, नाहीतर ती बंद पडते, असं तिथे लिहिलंय. आपली बंद पडलेली नाही. गेल्या ऑगस्टमध्येसुद्धा कोणीतरी केलं. ह्यांना विचारलं, तर म्हणाले मी कशाला करू. मी तुला विचारत नाहीये, नुसतं कळवतेय.

ह्यांना निरोपांचं अजून सांगितलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवणशाळेच्या बाईंना मात्र उत्तर लिहिलं. ‘हो, आहे.’ पुढे काय लिहावं ते सुचेना, तसंच पाठवून दिलं.

थोरली

१८ फेब्रुवारी

धाकटे,

माझंच पत्र मला परत पाठवलंस, आणि मागे लाल शाईत, ‘फोटो जड आहेत, लहान करा. मोबाइलवर उघडून बघा.’ एवढं तरी लिहिलंस. मी काही आनंदाने नाचले वगैरे नाही.

मोबाइलवर उघडून बघितलं. सगळे खण एकमेकांच्या डोक्यावर चढून बसले होते. मग तू जिथे वेबसाइट बांधली होतीस तिथेच मी शिकायला बसले. वाटलं होतं, काहीतरी मंत्रतंत्र असेल. तिथे तर चौकोन उचलायचे आणि हवे तिथे ठेवायचे, एवढंच आहे. धाकटे, हे तर मी जन्मभर केलंय! कुठला माल हाताशी, कुठला वरच्या फळीवर, येणाऱ्याची नजर आधी कुठे पडते. पहिल्या पानावर तू आपल्या दुकानाचा इतिहास टाकला होतास. तो मागे ढकलला. ज्याचं मशीन बंद आहे त्याला मामंजींचा जन्म कधीचा याच्याशी काय करायचंय? पहिल्या पानावर आता एकच प्रश्न आहे, ‘काय तुटलंय?’ आणि खाली फोटो चढवायची जागा. तो आपला काउंटर. त्याने तुकडा ठेवायचा, मी बघायचा.

वेबसाइट किती चपळ आहे ते तपासायचंही एक साधन आहे. त्याने आपल्याला शंभरात एकतीस गुण दिले. मी शाळेत कधी पन्नासच्या खाली गेले नव्हते. तीन दिवस बसून फोटो लहान केले, तुझं ते गोल फिरणारं चाक काढून टाकलं, आणि आता अठ्ठ्याऐंशी आहेत. चाक तुझं आवडतं होतं हे माहीत आहे. पण गिऱ्हाईक त्याच्याकडे बघत बसायचं आणि पान उघडेपर्यंत निघून जायचं. तिथे आकडेच आहेत तसे, कोण किती वेळ थांबलं याचे. अशी सोय काउंटरवर असती तर तुझ्या भाऊजींच्या गप्पांनी किती माणसं पळाली ते मला आधीच कळलं असतं.

आता माझी फजिती. उरलेल्या नऊशे चाळीस खणांचे फोटो मी काढले, बाहेर बांधलेल्या भागांचेच. पहिली बारा पाकिटं गेली. चौथ्या दिवशी एकाची तक्रार आली, ‘चित्रात भागाला तार आहे. माझ्या पाकिटात नाही. अर्धाच माल पाठवलात का?’ मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. एकाने तर तार मशीनमध्ये नेमकी कुठे बसते त्याची आकृती मागवली. आपल्याला ती तार दिसतच नाही गं, जन्म गेला तिच्यासकट बघण्यात.

आणि मापाच्या रकान्यात मी काय लिहिलं होतं? ‘लहान’, ‘त्याहून लहान’, ‘अगदीच बारीक’. हातात घेतल्यावर कळतं, पण हात काही पाकिटातून पाठवता येत नाही. हसू नकोस.

ह्यांना शेवटी सांगावं लागलं, कारण बारा पाकिटं लपवून पोस्टात न्यायची म्हणजे काय. ते म्हणाले, बारा पाकिटांनी दुकान चालत नाही, एकतीस मार्च म्हणजे एकतीस मार्च. त्यांचंही चुकत नाही. बारा पाकिटांनी खरंच चालत नाही.

थोरली

११ मार्च

धाकटे,

‘मोजपट्टी ठेवून फोटो काढा. तार कापा.’ बरं. पट्टी ठेवली. प्रत्येक भागाशेजारी, अकराशे चाळीस वेळा, माझी मान अजून डावीकडे वळत नाही. तार मात्र कापलेली नाही. मामंजींच्या हातच्या गाठी आहेत त्या. त्याऐवजी आता प्रत्येक पाकिटात तारेचा तुकडा घालते आणि चिठ्ठी लिहिते, ‘ही तार मशीनमध्ये बसत नाही. जुना भाग जपून ठेवायचा तर हिने बांधा.’ लोकांना इतकं आवडलंय की एकीने नुसतीच तार मागवली.

शिवणशाळेच्या बाईंचं उत्तर आलं. मला वाटलं होतं, शिव्या असतील. त्यांनी लिहिलं, ‘चाळीसपैकी सव्वीस मशिनं बंद आहेत. एका मशिनीवर तीन-तीन मुली बसतात. दोरा ताणून धरणारी एक स्प्रिंग कुठेच मिळत नाही. तुमच्याकडे अजून आहे का?’ आणि तुटलेल्या स्प्रिंगचा फोटो, शेजारी पट्टी.

धाकटे, मी खाली बसले. खण आठशे सहा. खिडकीशेजारचा, खालून दुसरा, ओढताना अडकतो तो. त्यात एकशे नव्वद स्प्रिंगा आहेत. पाच वर्षं तिथेच होत्या, माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर.

पाकीट गेलं. काल बाईंनी चित्रफीत पाठवली. मोठी खोली, चाळीस मशिनं आणि चाळीस मुली. बाईंनी हात वर केला आणि सगळी मशिनं एकदम सुरू झाली. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी तीनदा बघितली, एकदा चष्मा लावून, एकदा काढून, आणि मग पाकिटांवर पत्ते लिहायला बसले. तेव्हापासून उठलेले नाहीत. बाईंनी आणखी सात शाळांना आपला पत्ता दिलाय. वेबसाइटवर दिवसाला तीस-चाळीस फोटो येतात. दुकानाची पायरी न चढता इतकी माणसं काउंटरपाशी उभी असतात आणि दुकानाला कुलूप लावून मी झोपले तरी फोटो ठेवून जातात.

त्या मुलींकडे बघताना मला आनंद झाला, पण तो टिकेना. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. स्पीकर बिघडलेला नव्हता. तिथे कॉम्प्युटर सोडला तर प्लग लावायला एकच जागा आहे, तुला आठवत असेल. पंखा लावायचा होता म्हणून मी स्पीकरची वायर काढली होती. तू परत आल्यावर मामंजींनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, एकदाही वाजली नाही. ते खोटं नव्हतं. वायर नसल्यावर घंटा कशी वाजणार? कामाच्या गडबडीत ती परत लावायची राहिली, एवढंच.

थोरली

१ एप्रिल

धाकटे,

जिंकले! म्हणजे जिंकलो. ऐक.

काल सकाळी भंगारवाला आला, मोठा टेम्पो आणि लोखंडी काटा घेऊन. काटा दारात मांडला. मी यादी दिली, तू मागे लागून करून घेतलीस तशी, प्रत्येक भाग मापासकट. तो वाचत राहिला. ह्यांनी अजून होकार-नकार काही सांगितलेलं नव्हतं मला. रात्रीही नाही, सकाळीही नाही. मी खणांना पाठ लावून उभी होते. मनात म्हटलं, आता हे म्हणणार, उचला.

हे आतून आले, हातात एक डबा. त्यातून एक स्प्रिंग काढून भंगारवाल्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, “हिचं वजन कर.”

त्याने ती काट्यावर टाकली. काटा हलला नाही. इतक्या मोठ्या काट्याला ती कळणार कशी?

“हिच्यावाचून सव्वीस मशिनं पाच वर्षं बंद होती,” हे म्हणाले. “हा माल वजनावर द्यायचा नाही.”

बत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी एवढं सलग वाक्य माझ्या बाजूने बोललेलं मला आठवत नाही. भंगारवाला पक्का माणूस. रागावला नाही. म्हणाला, माझ्याकडे जुनी शिलाई मशिनं येतात, मी हातोड्याने फोडून टाकतो, तुम्हाला हवी आहेत का? दुपारी तोच टेम्पो परत आला, अकरा मशिनं घेऊन. न्यायला आलेला माणूस देऊन गेला! त्यात दोन भाग असे निघाले की आपल्या अकराशे चाळीस खणांतही नव्हते. मी नवीन खण उघडले आणि बाहेर तारेने नमुने बांधले. गाठ मामंजींसारखी येत नाही, पण सुटतही नाही.

तुला वाटेल, ही आता पेढे वाटत असेल. संध्याकाळी मी एकटीच दुकानात बसले आणि मागच्या पत्रातलं ते ‘एवढंच’ मला टोचत राहिलं. ते एवढंच नव्हतं.

घंटा वाजली होती. तू माहेरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात अकरा वेळा वाजली. मी मोजत होते. प्रत्येक वेळी वाटायचं, आता हे सगळे खण त्या पडद्यावर जाणार. मग कोणीही येईल, पडद्यावर बघेल आणि खण ओढेल. मग मी कोण? माझं शिक्षण शाळेपुरतं, तुझ्यासारखं बोलता येत नाही. त्या घरात माझा मान होता तो त्या खणांचा. मामंजी सगळ्यांवर ओरडायचे, पण भाग शोधायचा असला की मलाच हाक मारायचे. तू दुकानात बसायला लागून आठ महिन्यांत माझी बावीस वर्षं फोटोत घालणार होतीस. अकराव्या घंटेनंतर मी वायर काढली. पंखा नंतर आणून लावला, रिकामी जागा दिसू नये म्हणून. डिसेंबर आला तरी तो काढला नाही. स्वेटर घालून मी पंख्यासमोर बसत होते.

पासवर्ड वाचला त्या दिवशीच मला कळलं, की तुला माहीत आहे. चोराच्या मनात चांदणं. तू परत आलीस, पंखा बघितलास, पेटीतला आकडाही बघितला असशील. आणि तरी मामंजींसमोर मी ‘एकदाही नाही’ म्हणाले तेव्हा तू मान खाली घातलीस. एक शब्द बोलली असतीस तर मामंजींनी मला त्या काउंटरवर परत उभं केलं नसतं. तू ‘खेळणं’ ऐकून घेतलंस, घर सोडलंस, आणि वर पाच वर्षं ती वेबसाइट जिवंत ठेवलीस. मी चुकले, धाकटे. मत्सराने चुकले. वरच्या वाक्याला पंखा लावलेला नाही.

आणि एक गंमत सांगते. सगळे खण पडद्यावर गेले, तरी फोटो बघून कुठला भाग ते ओळखायला लोकांना मीच लागते. रोज चाळीस जणांना. मी उगीचच घाबरले होते.

काल रात्री हे सगळं ह्यांनाही सांगितलं. त्यांनी पाकिटांवरचे उरलेले पत्ते लिहून संपवले. मग म्हणाले, सकाळी पोस्टाची वेळ नऊची आहे, पत्र टाकून ये.

थोरली

२० मे

धाकटे,

एप्रिल गेला आणि तुझ्याकडून लाल शाईचा एक ठिपका नाही. म्हटलं, बरोबरच आहे.

आज अकराच्या सुमारास मी एका टोपीवाल्याचा तुटलेला पाय बघत होते. (मशिनीचा गं.) स्पीकर वाजला. असा तो दिवसभर वाजतोच, पण मी सवयीने बघितलं. चौकशी क्रमांक तीन हजार एकशे सात. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘धाकटी’. मशिनीच्या रकान्यात काही नव्हतं. आणि ‘काय तुटलंय?’ च्या खाली हे:

‘ताई, भर थंडीत चालू असलेला पंखा मी आल्या दिवशीच बघितला होता. बाळ कडेवर होतं, त्याला वारा लागला म्हणून माझं लक्ष गेलं. पेटीत चौसष्ट निरोप होते. मी बोलले असते तर मामंजींनी तुम्हाला खणांना हात लावू दिला नसता, आणि तुमच्याइतके ते खण कोणालाच कळत नाहीत. म्हणून गप्प बसले. पण तुम्ही स्वतः सांगाल म्हणून वाट बघितली. फार वाट बघितली. नूतनीकरण दर ऑगस्टला रागारागाने करत होते. आता सांगितलंत. दोन जूनला आम्ही तिघं येतोय. ते फिरणारं चाक काढलंत ते चांगलं केलंत. छोकरीचे दोन दात पडलेत.’

मी हे मोठ्याने वाचलं. टोपीवाला समोर उभा होता, त्याला काही कळलं नाही, तरी मी पदराने डोळे पुसताना बघून त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. हे आतून म्हणाले, त्या चौकशीला उत्तर दे, आपल्या वेबसाइटवर उत्तराची वेळ एक तासाची लिहिली आहे. म्हणून वेबसाइटवर ‘या’ एवढंच लिहिलं, आणि बाकीचं कागदावर लिहितेय. कागदाची सवय झालीय.

येताना एक काम कर. इथे उन्हाळ्याने जीव चाललाय. ब्लाउज पाठीला चिकटतो, पाकिटांवरची शाई घामाने पसरते, आणि हे दर अर्ध्या तासाने माझ्याकडे बघून कपाळ पुसतात. प्लगची जागा अजून एकच आहे, आणि तिच्यात स्पीकर लावलेला आहे. तीन प्लग लागतील असा बोर्ड कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, मला माहीत आहे. मी मुद्दामच आणलेला नाही, तो तू आण.

तू ये, आणि तुझ्या हाताने पंखा लाव.

तुझी,
थोरली